बसलेली पंढरपुरी म्हैस : हाताने घडवलेल्या एका सिरॅमिक शिल्पाबद्दल

आधी वस्तू काय ते सांगते. स्टोनवेअर मातीत, म्हणजे खूप तापवून दगडासारखी कडक होणाऱ्या मातीत, हाताने घडवलेली, रवंथ करत बसलेली पंढरपुरी म्हैस. अंगावर काळं ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप. लांबी ३८ सेंटिमीटर, उंची खांद्यापाशी १९, वजन पाच किलोंच्या आसपास. किंमत २४,००० रुपये. पुण्यात बालगंधर्व कलादालनात काही स्टुडिओ पॉटरांनी मिळून प्रदर्शन भरवलं होतं, तिथे ती पाहिली आणि तिथेच घेतली. घडवणाऱ्या बाई एकट्या काम करतात, भट्टी लहान आहे, एकदम मागणी आली तर पुरी करता येणार नाही असं त्यांनीच सांगितलं, म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. शिल्पाबद्दल मात्र सविस्तर लिहायचं आहे, कारण म्हैस इतकी नीट समजून घेऊन कुणी घडवलेली मी आजवर पाहिली नव्हती.

हे मी पशुवैद्य म्हणून म्हणते. माझी सगळी नोकरी कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या जनावरांच्या दवाखान्यांत गेली आणि माझे बहुतेक पेशंट म्हशीच होते. त्यामुळे चित्रातलं किंवा शिल्पातलं जनावर समोर आलं की मी आधी त्याची तपासणी करते. हाडं जागेवर आहेत का, वजन कुठे पडलंय, जसं बसलेलं दाखवलंय तसं ते खरोखर बसू शकेल का. बाजारातल्या शोभेच्या जनावरांपैकी बहुतेकांचा निकाल इथेच लागतो. बैलाला घोड्याचे पाय असतात, गाईच्या तोंडावर माणसाचं हसू असतं. म्हैस तर कुणी करतच नाही.

प्रदर्शनात या म्हशीपाशी मला थांबवलं ते तिच्या नाकपुडीने. दवाखान्यात जनावर आलं की पहिली नजर तिथे जाते. निरोगी म्हशीची नाकपुडी कायम ओली असते, तिच्यावर घामाचे बारीक थेंब दिसतात. ताप असला की ती कोरडी पडते. मालक काहीही सांगो, नाकपुडी खोटं बोलत नाही. या शिल्पात बाईंनी नाकपुडीची माती आधी खरखरीत ठेवली आहे, बारीक दाण्यांची, आणि तिथे ग्लेझ जाड चढवलं आहे. भट्टीत ग्लेझ वितळतं तेव्हा ते मधासारखं संथ ओघळतं आणि खोलगट जागी साचतं. दाण्यांच्या मधल्या खाचांत ते साचलंय, दाण्यांच्या माथ्यावर पातळ राहिलंय. परिणाम असा की कोणत्याही बाजूने उजेड पडो, नाकपुडी ओलीच दिसते. मी बोट लावून बघितलं. बोट कोरडं निघालं तरी मन मानेना. बाकीच्या अंगावर ग्लेझ त्यामानाने पातळ आहे, तिथे चकाकी कमी आहे. म्हणजे सगळीकडे एकसारखं चकचकीत करण्याचा मोह त्यांनी टाळला. कातडी वेगळी आणि नाकपुडी वेगळी, हे एकाच ग्लेझमधून दाखवायला जाडी-पातळीवर किती हुकमत लागत असेल याचा विचार करा.

मग बसण्याची ढब. म्हैस बसते ती आधी पुढचे पाय गुडघ्यांत मुडपून, मग मागचा भाग एका कुशीवर टाकते. पुढचं वजन छातीच्या हाडावर येतं, मागचं एका मांडीवर. वरचा मागचा पाय बाहेर सुटा पडतो. इथे अगदी तसंच आहे. माकडहाडाच्या दोन्ही बाजूंची हाडं वर आलेली आहेत, एका बाजूचं हाड दुसऱ्यापेक्षा किंचित वर, कारण अंगाचा भार कलला आहे. कास मांड्यांच्या मधून एका बाजूला ढकलली गेली आहे, आणि जे दोन सड दिसतात त्यांतला मागचा पुढच्यापेक्षा लांब आहे. म्हशीत तो तसाच असतो. हे ज्याने धार काढली आहे त्यालाच माहीत, एरवी कुणी बघत नाही.

पण मला खरी दाद द्यायची आहे ती डाव्या कुशीला. रवंथ करणाऱ्या जनावराचा मोठा कोठा, म्हणजे पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा, डाव्या बाजूला असतो. पोटभर चारा खाल्लेली म्हैस मागून बघितली तर डावीकडे भरलेली दिसते, उजवीकडे नाही. उपाशी जनावराची डावी कूस आत जाते, पोटफुगी झाली तर तीच ताणून वर येते आणि वाजवली की ढोल वाजतो. आम्ही रोज याच जागेवर मूठ दाबून कोठ्याची हालचाल मोजतो. या शिल्पाची डावी बाजू उजवीपेक्षा भरलेली आहे. फरक थोडा आहे, पण मागून, वरच्या अंगाने बघा, स्पष्ट दिसतो. शिल्पकार एरवी दोन्ही बाजू सारख्या करतो, कारण डोळ्याला ते बरं वाटतं. मी बाईंना विचारलं, हे कुणी सांगितलं तुम्हाला? त्या म्हणाल्या, "कुणी नाही मॅडम. मी गोठ्यात बसून रेखाटनं करायचे, तेव्हा प्रत्येक वेळी एक बाजू जास्त निघायची. आधी वाटलं माझाच हात वाकडा जातोय. मग म्हटलं, म्हशीचंच तसं असेल." बघून बघून त्या शरीरशास्त्रापर्यंत पोचल्या. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना हे पुस्तकातून पाठ करावं लागतं.

आता मातीकडे आणि भट्टीकडे येते, कारण पैसे तिथे लागलेले आहेत.

शिल्प आतून पोकळ आहे. भरीव मातीचा एवढा गोळा भट्टीत टाकला तर आत राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि तो फुटतो. म्हणून मातीच्या जाड वळ्या एकावर एक रचून, आतून-बाहेरून बोटांनी सांधत भिंत वर चढवत नेतात. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी हवी, इथे ती सुमारे एक सेंटिमीटर आहे. मातीत भाजलेल्या मातीचा चुरा मिसळलेला असतो, त्याला ग्रॉग म्हणतात. त्याने वाळताना आणि भाजताना तडे कमी जातात. मग प्लास्टिकखाली झाकून काही आठवडे सावकाश वाळवणं. पहिली भाजणी हजार अंशांच्या जरा खाली, तिला बिस्क म्हणतात. त्यानंतर ग्लेझ लावायचं आणि दुसरी भाजणी, ही १२८० अंश सेल्सिअसच्या आसपास. वाळताना आणि भाजताना मिळून माती शंभराला बाराच्या हिशेबाने आकसते. म्हणजे आज ३८ सेंटिमीटरची असलेली ही म्हैस ओली असताना ४३ सेंटिमीटरची होती. एवढं आकसून तिचे पाय, मान, शिंगं सगळं एका प्रमाणात राहिलं पाहिजे.

शिंगांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. पंढरपुरी म्हैस ओळखायची ती शिंगांवरून. मुऱ्हा म्हशीची शिंगं आखूड आणि घट्ट वळलेली, जाफराबादीची जाड आणि खाली झुकलेली. पंढरपुरीची लांब, तलवारीच्या वळणाची, मागे खांद्याच्या पलीकडे जाणारी. म्हशीची शिंगं म्हशीला जड नसतात म्हणतात, पण मातीच्या म्हशीला ती फार जड असतात. १२८० अंशांना स्टोनवेअर माती वितळत नसली तरी मऊ पडते, आणि जे अधांतरी असेल ते स्वतःच्या भाराने झुकतं. यावर उपाय म्हणजे शिंगांखाली त्याच मातीचे टेकू देणं, म्हणजे टेकूही शिंगांबरोबरच आकसतात. ग्लेझच्या भाजणीत टेकू जिथे टेकतो तिथे ग्लेझ लावता येत नाही, नाहीतर टेकू कायमचा चिकटेल. शिंगं खालून बघितली तर प्रत्येकाच्या पोटाला एक छोटा कोरा ठिपका आहे. बाईंनी तो रंगवून लपवला नाही. याआधीच्या एका म्हशीचं उजवं शिंग भट्टीत खाली बसलं आणि गळ्याला चिकटलं, ती त्यांनी विकायला ठेवलीच नाही. माझ्या म्हशीची दोन्ही शिंगं जागेवर आहेत, टोकं फासळ्यांवर येतात आणि डावं शिंग उजव्यापेक्षा थोडं उघडं आहे. खऱ्या जनावरातही दोन शिंगं तंतोतंत सारखी सहसा नसतात.

ग्लेझचा काळा रंग कुठून आला हे ऐकून मी दोनदा विचारून घेतलं. पुण्याच्या आसपास खडीचे क्रशर आहेत, तिथे दगड फोडताना जी बारीक भुकटी उडते ती त्या गोळा करतात, चाळतात, तिच्यात लाकडाची राख आणि फेल्स्पार नावाचं खनिज थोडं घालतात. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात निम्म्याच्या आसपास सिलिका असते, म्हणजे काच बनायला लागते तीच वस्तू. लोहाचं ऑक्साइड दहा टक्क्यांच्या वर असतं. चुना, मॅग्नेशिया वगैरे वितळायला मदत करणारे पदार्थही त्यातच. बाराशे अंशांच्या पुढे गेलं की या भुकटीची काळी काच होते. जिथे थर जाड तिथे काळाभोर, जिथे पातळ तिथे लोह तांबूस-तपकिरी होऊन बाहेर येतं. चीनच्या फूच्येन प्रांतातल्या भट्ट्यांत सोंग राजवटीच्या काळात चहाचे काळे वाडगे असेच लोहाच्या ग्लेझने करत. जपानी भिक्षूंनी ते जपानला नेले आणि त्या ग्लेझला टेनमोकू हे नाव जपानीतून जगभर गेलं. बाईंचं ग्लेझ त्याच घराण्यातलं, फक्त लोह सह्याद्रीच्या दगडातलं.

आणि ते म्हशीला इतकं शोभतं! पाठीच्या कण्यावर, शिंगांच्या कडांवर, माकडहाडाच्या टोकांवर ग्लेझ पातळ होऊन तांबूस झालंय. मानेवर आणि खांद्यावर त्यांनी ओल्या मातीवर हॅकसॉच्या तुटक्या पात्याने बारीक ओरखडे काढले होते. त्या ओरखड्यांच्या कडा तांबूस आणि खाचा काळ्या. हिवाळ्याच्या सकाळी गोठ्याबाहेर उन्हात बांधलेल्या म्हशीच्या राठ केसांवर हीच झाक असते. लोक म्हैस काळी म्हणतात, पण ज्यांनी ती रोज उन्हात बघितली आहे त्यांना हा तांबूसपणा माहीत आहे. एखाद्याने ऑइल पेंट किंवा पॉलिशने हा रंग द्यायचा म्हटलं तर तो वरून दिलेला दिसेल. इथे तो आकारातूनच निघालाय. जिथे हाड वर तिथे रंग वेगळा.

खालचा भाग बघा आता. पोटाच्या खालच्या अंगाला, दुमडलेल्या गुडघ्यांवर, मांडीच्या बाहेरच्या बाजूवर ग्लेझ एका वाकड्यातिकड्या रेषेवर थांबतं आणि खाली कोरी, करडी-तपकिरी माती राहते. स्टोनवेअरमध्ये ग्लेझ केलेल्या वस्तूचा तळ कोरा ठेवावाच लागतो, नाहीतर ती भट्टीच्या फळीला चिकटते. बहुतेक जण ही रेषा तळाशी सरळ आखून मोकळे होतात. बाईंनी ती वर उचलून चिखलाची रेषा केली. म्हशीला घाम कमी येतो, कातडी काळी, अंगावर केस विरळ. उन्हाळ्यात अंगाची आग शांत करायची तर डबक्यात डुंबावंच लागतं, आणि बाहेर येऊन बसली की पोटापर्यंतचा चिखल वाळून असाच करडा होतो. भट्टीची अडचण त्यांनी म्हशीच्या सवयीला जोडली, आणि ही एक गोष्ट या शिल्पात मला सगळ्यात जास्त आवडली. त्या रेषेवर दोन ठिकाणी ग्लेझ ओघळून खाली आलंय. एक ओघळ मांडीवर थेंब होऊन थांबलाय. तो घासून काढावा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका.

उणिवाही आहेत आणि त्या लिहिल्याच पाहिजेत. कान लहान आहेत. पंढरपुरी म्हशीचे कान शिंगांच्या खाली आडवे, चांगले रुंद असतात, आणि रवंथ करताना ते माशा हाकलायला सतत हलत असतात. इथे ते आखूड आणि डोक्याला चिकटलेले आहेत. कारण मला कळतं, पातळ कान बाहेर काढला की तो वाळताना तडकतो किंवा पॅकिंगमध्ये तुटतो. पण त्यामुळे चेहरा समोरून थोडा ओकाबोका वाटतो. शेपटीचंही तसंच. ती पूर्ण अंगाला चिकटवली आहे आणि टोकाचा गोंडा नुसता खरवडून सुचवला आहे. शिंगांवरच्या वळ्या सारख्या अंतरावर आहेत, नक्षी म्हणून छान. पण जुने लोक या वळ्यांवरून जनावराची वेतं, म्हणजे ते किती वेळा व्यालं ते, मोजतात. एखादं वर्ष म्हैस गाभण राहिली नाही तर दोन वळ्यांमधलं अंतर वाढतं. सारख्या अंतराच्या वळ्या म्हणजे कधीही न चुकलेली म्हैस, अशी फार कमी बघायला मिळते. डाव्या कुशीच्या खाली टाचणीच्या टोकाएवढी तीन-चार छिद्रं ग्लेझमध्ये राहिली आहेत. भाजताना मातीतून निघालेला वायू ग्लेझमधून बाहेर पडतो आणि ते छिद्र बुजायच्या आत भट्टी थंड व्हायला लागली की ती तशीच राहतात. शोभेच्या वस्तूत त्याने काही बिघडत नाही. पण बाईंनी ती आधी दाखवून दिली असती तर बरं झालं असतं, मला ती घरी आल्यावर दिसली. तळ किंचित डुगडुगतो, त्याला फेल्टच्या चार गोल चकत्या लावल्या.

किमतीबद्दल घरात विचारणा झालीच. मातीच्या म्हशीला चोवीस हजार? खरी रेडी येईल तेवढ्यात, असंही कुणी म्हणालं. मी हिशेब असा मांडते. रेखाटनांपासून धरलं तर काही महिन्यांचं काम, दोन भाजण्यांचा गॅस, आणि फुटलेल्या किंवा वाकलेल्या प्रत्येक म्हशीचा खर्च टिकलेल्या म्हशीवर. उत्तर प्रदेशातल्या खुर्जाकडून येणाऱ्या साच्यातल्या वस्तू हजार-दोन हजारांत मिळतात आणि त्यांचीही एक जागा आहे, पण ते काम वेगळं. हातघडणीचं कसं ओळखायचं ते सांगते: वस्तू उलटी करा. तळाला वाफ जायला बोटभर भोक असतं, त्यातून टॉर्च मारून आत बघा. वळ्यांचे सांधे आणि बोटांचे ठसे दिसले तर हाताचं काम. आत गुळगुळीत असेल आणि बाहेर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक शिवण जात असेल तर साचा. मी प्रदर्शनातच उलटी करून बघितली, आणि आत एका ठिकाणी अंगठ्याचा पूर्ण ठसा उमटलेला दिसला. विकणाऱ्याने उलटी करू दिली नाही तर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे मातीचं जनावर म्हणजे बैल. आमच्याकडे बेंदराला, बाकी महाराष्ट्रात पोळ्याला, कुंभार मातीची बैलजोडी देतो, आपण ती पुजतो. देवळापुढे पाषाणाचा नंदी बसतो. ज्ञानेश्वरांनी वेद म्हणवलेल्या रेड्याचीसुद्धा जुन्नर तालुक्यात आळ्याला समाधी आहे. म्हशीच्या वाट्याला मात्र काही आलं नाही, आणि कोल्हापूरकरांनी तर याचा विचार करायला हवा. गंगावेशीत संध्याकाळी गवळी म्हशी आणून उभ्या करतात आणि समोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात, ते दूध पिऊन इथल्या तालमींतले पैलवान झाले. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून मिरवणूक निघते, मालकाच्या मोटारसायकलमागे म्हैस पळते. एवढं प्रेम असून घरात तिची मूर्ती नाही. म्हणून सिरॅमिकवाल्या एका बाईंनी नंदी न करता पंढरपुरी म्हैस केली, हे मला मोठं काम वाटतं.

या बाई कुठून शिकल्या हेही विचारलं. त्यांचे गुरू पाँडिचेरीच्या गोल्डन ब्रिज पॉटरीत शिकलेले. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी ती १९७१ मध्ये सुरू केली आणि तिथून स्टोनवेअर शिकून गेलेले लोक आज देशभर आहेत. ग्लेझचा अभ्यास बाईंनी निर्मला पटवर्धन यांच्या टिपणांवरून सुरू केला. ग्लेझ म्हटलं की इथल्या पॉटरांच्या तोंडी ते नाव येतंच. महाराष्ट्रातला ग्लेझचा इतिहास तसा जुना आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली ग्लेझची कलात्मक भांडी होऊ लागली होती, भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात ती बघता येतात. मुंबईला गेलात तर जरूर बघा.

पॅकिंग उत्तम होतं. शिंगं वेगवेगळी फोमने गुंडाळलेली, शिंगं आणि मान यांच्यामधल्या पोकळीत चिंध्या ठासलेल्या, खोक्यात खोका. ज्या ट्रान्सपोर्टने माल आला त्यांनी घरपोच म्हणून पैसे घेऊन खोकं गोदामातच ठेवलं आणि फोन करून न्यायला सांगितलं. बाहेरच्या खोक्याचा एक कोपरा दबलेला होता. आत काही झालं नव्हतं, ते केवळ बाईंच्या पॅकिंगमुळे. सोबत काळजी कशी घ्यायची याचा कागद असायला हवा होता, तो नव्हता. म्हणून मी लिहिते: ओल्या फडक्याने पुसलं की झालं. काच पुसायचा फवारा, ॲसिडचा क्लीनर, चिंच-लिंबू यांतलं काही लागत नाही. उन्हाने रंग उडत नाही, खिडकीत ठेवायला हरकत नाही. उचलताना शिंगांना धरू नका, पोटाखाली दोन्ही हात घालून उचला. पाहुण्यांच्या मुलांना हे आधी सांगा, कारण मुलं शिंगांनाच धरतात.

ठेवायची कुठे? काचेच्या कपाटात अजिबात नको. बसलेली म्हैस आपण नेहमी वरून बघतो, गोठ्यात उभं राहून. मी ती खिडकीशेजारी गुडघ्याएवढ्या उंचीच्या लाकडी बाकावर ठेवली आहे, तोंड उजेडाकडे. या उंचीवरून पाठीचा कणा, डावी कूस आणि चिखलाची रेषा एकदम दिसतात. डोळ्यांच्या उंचीवर ठेवलं तर नुसता चेहरा दिसतो, आणि कानांची उणीव पहिली नजरेत भरते.

आमच्याकडे दूध घालणारे गवळी काका वयाने माझ्याहून मोठे, म्हशींत जन्म गेलेला. बिल द्यायला ते आत आले, तेव्हा मी काही न सांगता त्यांना बाकाकडे बोट दाखवलं. ते उकिडवे बसले, मागून बघितलं, डाव्या कुशीवर हात ठेवला. आम्ही ठेवतो तसाच, मूठ वळून हलकेच दाबून.

"खाऊन बसल्याली हाय, मॅडम," ते म्हणाले. मग पुढे येऊन तोंड बघितलं. "नाकपुडी ब्येस हाय. खरं कान कुठं गेलं हिचं?"

माझा अभिप्राय याहून वेगळा नाही. ज्याला म्हैस कळते त्याला ही पटते, आणि जे चुकलंय तेही त्याला लगेच कळतं.

बाईंकडे आता मी एक रेडकू सांगून ठेवलंय, आईच्या पोटाशी बसेल एवढं. त्यांची भट्टी पूर्ण भरल्याशिवाय पेटत नाही, आणि पावसाळ्यात माती वाळायला फार वेळ घेते, त्यामुळे दिवाळीच्या आधी ते येणार नाही असं त्यांनी स्वच्छ सांगितलंय. आगाऊ रक्कम निम्मी घेतात, भट्टीत फुटलं तर परत करतात किंवा पुन्हा करून देतात. कानांबद्दल मी त्यांना लिहून कळवलं, सोबत चार म्हशींचे समोरून काढलेले फोटो जोडले. त्यांचं उत्तर आलंय: रेडकाचे कान डोक्याला न चिकटवता आडवे काढतील, खाली टेकू देतील, आणि टेकूचा ठिपका कानाच्या मागच्या बाजूला राहील.